अर्थाचा अनर्थ

२००८ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. गळीत हंगाम ऐन भरात होता. एका सहकारी साखर कारखान्यातून आमच्या प्रयोगशाळेत निरोप आला : काट्याचे वजन आणि कचेरीतले वजन जुळत नाही, कुणीतरी येऊन पाहा. मी तेव्हा नुकतीच पीएच.डी. संपवली होती. इलेक्ट्रॉनिक्सचे काम हाताशी होते, म्हणून मला पाठवले.

प्रकरण वाटले त्यापेक्षा नाजूक होते. उसाने भरलेली ट्रॉली वजनकाट्यावर उभी राहिली, की काटाघरातला दर्शक आकडा दाखवी. त्याची छापील पावती शेतकऱ्याला मिळे. तोच आकडा तारेतून सुमारे ९० मीटर दूर असलेल्या कचेरीतील संगणकाकडे जाई आणि शेतकऱ्याच्या खात्यावर नोंदला जाई. एका शेतकऱ्याच्या पावतीवर १२,४५० किलो होते, खात्यावर मात्र १२,०५० किलो. चारशे किलो ऊस वाटेतच नाहीसा झाला होता! त्याने पावती जपून ठेवली होती म्हणून हे उघडकीस आले. मग इतरांनीही पावत्या काढल्या. आणखी सात-आठ ठिकाणी फरक निघाला.

'काटा मारणे' हा शब्दप्रयोग ऊसपट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे. साहजिकच संशय काटाघरातील कारकुनावर गेला. वीस वर्षे नोकरी झालेला हा माणूस. त्याला काट्यावरून हलवले होते, चौकशी लागली होती. मी पोचलो तेव्हा तो कचेरीबाहेरच्या बाकावर बसून होता.

यंत्राचा दोष माणसाच्या माथी कसा बसतो आणि तो दोष शोधायचा कसा, हे सांगण्यासाठी हा लेख. त्यातील विज्ञान आठवी ते बारावीच्या पुस्तकात आहे. ओहमचा नियम, फॅरेडेचा नियम आणि थोडी बेरीज-वजाबाकी, एवढे पुरेसे आहे.

आकडा तारेतून कसा जातो?

दर्शक १२,४५० हा आकडा एकदम पाठवत नाही. तो १, २, ४, ५, ० ही चिन्हे एकामागून एक पाठवतो. प्रत्येक चिन्हाचा ठरलेला द्विमान संकेत असतो. '४' चा संकेत ०११०१००, तर '०' चा ०११००००. हे दोन संकेत एकाखाली एक लिहून पाहा. फरक फक्त एका ठिकाणी आहे. तिथल्या १ चे ० झाले, की ४ चे ० होते आणि १२,४५० चे १२,०५० होतात. तसेच '६' चा संकेत ०११०११० आहे. म्हणजे दुसऱ्या एका ठिकाणी ० चे १ झाले, तर ४ चे ६ होतील आणि खात्यावर दोनशे किलो जास्त पडतील. अशाही नोंदी पुढे सापडल्या. पण जास्त पडलेल्या वजनाची तक्रार घेऊन कोण येणार?

हे अंक एकाच तारेतून रांगेने जातात, म्हणून या पद्धतीला अनुक्रमी, म्हणजे 'सीरियल' संदेशवहन म्हणतात. सेकंदाला ९६०० अंक हा वेग फार प्रचलित आहे. या वेगाने प्रत्येक अंकाला फक्त १०४ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात एखादा विद्युत झटका आला, तर एक अंक उलटू शकतो.

त्या कारखान्यात 'आर.एस. २३२' या मानकाप्रमाणे जोडणी केलेली होती. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने हे मानक १९६० साली प्रथम आणले. त्यात १ पाठवायचा तर तारेवर ऋण विद्युतदाब ठेवतात आणि ० पाठवायचा तर धन. पाठवणारे यंत्र निदान ५ व्होल्ट देते. घेणाऱ्या यंत्राने ३ व्होल्टपर्यंत घसरलेला दाबही ओळखला पाहिजे. म्हणजे वाटेतल्या गोंधळासाठी निदान २ व्होल्टची सूट ठेवलेली आहे. ही सूट १५ मीटरच्या तारेसाठी पुरते. इथे तार होती ९० मीटर.

शून्य व्होल्ट म्हणजे कुठले शून्य?

'तारेवर ५ व्होल्ट आहेत' हे वाक्य खरे तर अपुरे आहे. विद्युतदाब नेहमी दोन बिंदूंमध्ये मोजतात. ५ व्होल्ट कशाच्या तुलनेत, हे सांगावे लागते.

समजा, वाड्याच्या दोन गच्च्यांवर दोन मुले उभी आहेत. पहिल्याने काठीला पताका बांधली आहे. पताका त्याच्या गच्चीपासून पाच हात वर असेल तर 'हो', पाच हात खाली लोंबत असेल तर 'नाही', असे ठरले आहे. दुसरा मुलगा पताकेची उंची मोजतो, पण आपल्या गच्चीपासून. दोन्ही गच्च्या एकाच पातळीत असतील तर काही अडचण नाही. पण दुसरी गच्ची आठ हात खाली असेल तर? खाली लोंबणारी पताकाही त्याला तीन हात वर दिसेल आणि 'नाही' चे 'हो' होईल. दोघांपैकी कुणीही खोटे बोललेला नाही. त्यांची जमीन एक नाही, एवढेच.

आर.एस. २३२ मध्ये दोन्ही यंत्रांचे शून्य जुळावे म्हणून संदेशाच्या तारेबरोबर एक 'कॉमन' तार असते. शिवाय काटाघरातला दर्शक तिथल्या अर्थिंगला जोडलेला होता आणि कचेरीतला संगणक कचेरीच्या अर्थिंगला. दोन्ही 'अर्थ' म्हणजे पृथ्वीच, आणि पृथ्वी एकच. मग दोन्ही ठिकाणचे शून्य सारखेच असणार, असे आपल्याला वाटते. तसे ते नसते.

थोडे गणित करू. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर छेदाच्या, १ मीटर लांब तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. २.५ चौरस मिलिमीटर छेदाची ९० मीटर तार घेतली, तर तिचा रोध सुमारे ०.६ ओहम. यातून १० अँपिअर प्रवाह गेला, की तिच्या दोन टोकांत ६ व्होल्टचा फरक पडतो. प्रवाह वाहणारी कोणतीही तार आपल्या पूर्ण लांबीवर 'शून्य' राहू शकत नाही.

पण अर्थच्या तारेतून इतका प्रवाह जातोच कशाला?

वेल्डरची जेवणाची सुट्टी

पहिल्या दिवशी मी फक्त एक वही केली. पावती आणि खाते यांत फरक पडलेल्या प्रत्येक नोंदीची वेळ लिहिली. चित्र लगेच स्पष्ट झाले. सर्व चुका सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीननंतर संध्याकाळपर्यंत. रात्रीही गाड्या येतच होत्या, पण रात्री एकही चूक नव्हती. माणूस वजन मारत असता, तर त्याने दिवसाढवळ्याच का मारावे?

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरचे एक टोक काटाघराकडून आलेल्या लांब तारेला आणि दुसरे कचेरीच्या अर्थला लावून बसलो. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत होता. दहा वाजले आणि तो एकदम ५-६ व्होल्टवर जाऊन नाचू लागला. खिडकीतून पाहिले, तर यार्डातल्या शेडमध्ये ट्रॉलीच्या दुरुस्तीचे वेल्डिंग सुरू झाले होते. एकला वेल्डर जेवायला गेला आणि काटाही शांत झाला.

वेल्डिंगचा प्रवाह शंभर-दीडशे अँपिअर असतो. तो कांडीतून कामाच्या लोखंडात जातो आणि तिथून परतीच्या तारेने यंत्राकडे येतो. ही परतीची तार कामाच्या तुकड्यालाच, अगदी जवळ, चिमट्याने धरली पाहिजे. इथे सोय म्हणून चिमटा शेडच्या खांबाला अडकवलेला होता. आता परतीचा प्रवाह जमेल त्या वाटेने जाणार. शेडचे लोखंड, काटाघराची अर्थपट्टी, जमीन, असा तो विभागून जात होता. त्यात वेल्डिंगचा ठिणगीप्रवाह सलग नसतो. तो सेकंदाला कित्येक वेळा तुटतो आणि जुळतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, मधले क्षणिक झटके त्याहून बरेच मोठे असतात. ऋण ६ व्होल्टच्या संदेशावर धन ९ व्होल्टपेक्षा मोठा झटका बसला, की १ चे ० झालेच.

आणखी एक गोष्ट घडत होती. काटाघराची अर्थ, तिथून कॉमन तार, कचेरीतला संगणक, कचेरीची अर्थ आणि परत जमिनीतून काटाघर, असे एक बंद वर्तुळ तयार झाले होते. याला 'अर्थचे वेटोळे' म्हणू. कॉमन तार ०.२२ चौरस मिलिमीटरची, म्हणजे बारीक. ९० मीटरचा तिचा रोध सुमारे ७ ओहम. ६ व्होल्ट भागिले ७ ओहम, म्हणजे जवळजवळ पाऊण ते एक अँपिअर प्रवाह या संदेशाच्या तारेतून विनाकारण वाहत होता. ते तिचे कामच नव्हते.

माझी चूक

वेटोळे कळले, तेव्हा ते तोडणे हा उपाय मला सहज सुचला. मी संगणकाच्या प्लगमधील तिसऱ्या पिनेची, म्हणजे अर्थची तार सोडवली. वेटोळे तुटले, चुका थांबल्या. संध्याकाळी मला चहा-भजी मिळाली आणि मी खूश होऊन झोपलो.

तिसऱ्या दिवशी तिथल्या एका तरुण ऑपरेटरने साफसफाईसाठी संगणकामागची जोडणी उपसली. एका हातात जोडणीचे धातूचे टोक, दुसरा हात संगणकाच्या पत्र्यावर. त्याला झटका बसला. हात मागे ओढताना कोपर भिंतीवर आपटले. सुदैवाने इजा तेवढीच.

असे का झाले? संगणकाच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळण्यासाठी दोन सारखी धारित्रे असतात. एक फेज आणि पेटी यांच्यात, दुसरे न्यूट्रल आणि पेटी यांच्यात. पेटीला अर्थ असेल, तर त्यांतून येणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थ काढली, की पेटी या दोन धारित्रांच्या मधोमध, म्हणजे २३० व्होल्टच्या निम्म्यावर, सुमारे ११५ व्होल्टवर लोंबकळते. जोडणी लावलेली असेपर्यंत पेटी त्या बारीक कॉमन तारेतून काटाघराच्या अर्थला जोडलेली होती, म्हणून कळले नाही. जोडणी उपसताक्षणी तो मार्ग मुलाच्या दोन हातांतून गेला. हा प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आत असतो, त्यामुळे झटक्यावर निभावले.

याहून वाईट काय घडू शकले असते, याचा हिशेब मी त्या रात्री केला. समजा, आत एखादी फेजची तार सुटून पेटीला टेकली असती. योग्य अर्थिंग असते, तर मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडाला असता. आता मात्र तो प्रवाह ७ ओहमच्या बारीक तारेतून गेला असता. २३० भागिले ७, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर. ती तार क्षणात वितळली असती आणि त्यानंतर पेटी पूर्ण २३० व्होल्टवर राहिली असती, पुढच्या माणसाचा हात लागेपर्यंत.

कारखान्यातले वायरमन वयाने माझ्या वडिलांएवढे. ते रागावले नाहीत. प्लग उघडून तार परत जोडत म्हणाले, "साहेब, अर्थ काढायची नसते. मशीन गेलं तर नवं आणता येतं." एवढे बोलून त्यांनी स्क्रू घट्ट केला.

एका शब्दाचे तीन अर्थ

माझ्या चुकीचे मूळ शब्दात होते. बोलीभाषेत आपण तीन वेगळ्या गोष्टींना 'अर्थ'च म्हणतो.

पहिली, सुरक्षेची अर्थ. उपकरणाचा पत्रा जमिनीला जोडणारी जाड तार. तिचे काम माणसाचा जीव वाचवणे. यंत्र ठीक चालू असताना तिच्यातून प्रवाह जवळजवळ जात नाही.

दुसरी, संदेशाचे शून्य. कोणता दाब १ आणि कोणता ०, हे ज्याच्या तुलनेत ठरते ती कॉमन तार. तिचा मातीशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. मोबाइल फोनच्या आतील मंडळांनाही शून्य असते, पण फोन काही जमिनीत पुरलेला नसतो.

तिसरी, कवचाची निचरा-तार. केबलभोवती तांब्याची जाळी किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. बाहेरच्या विद्युतक्षेत्राने त्यावर येणारा भार जमिनीकडे वाहून नेण्याची ही वाट.

संदेशाचा गोंधळ मिटवण्यासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थशी खेळता येते. पहिलीला हात लावायचा नाही. तिघींची गल्लत झाली, की अर्थाचा अनर्थ होतो.

फुकटची तार महाग पडते

ही गल्लत जुनी आहे. १८३८ साली म्युनिकमध्ये कार्ल आउगुस्ट फॉन श्टाइनहाइल यांनी दाखवले, की तारायंत्राला जाण्यासाठी एक तार पुरते, परतीचे काम जमीनच करते. निम्मे तांबे वाचले! तारायंत्राचे संकेत ठळक आणि संथ असल्याने हे चालून गेले. पुढे टेलिफोनही तसेच जोडले गेले. पण टेलिफोनचा कानाशी येणारा प्रवाह अगदी क्षीण. शेजारच्या तारायंत्राची टिकटिक आणि नंतर विजेच्या ट्रामगाड्यांचा घरघराट जमिनीच्या वाटेने थेट कानात येऊ लागला. शेवटी परतीसाठी वेगळी तार टाकावी लागली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली दोन तारा एकमेकींभोवती पिळून वापरण्याचे पेटंट घेतले. आमच्या साखर कारखान्याचे उत्तर त्यात होते.

दोन पताका

गच्चीवरच्या मुलांकडे परत जाऊ. आता पहिल्याच्या हातात दोन पताका आहेत, एक तांबडी आणि एक पांढरी. तांबडी वर आणि पांढरी खाली म्हणजे 'हो', पांढरी वर आणि तांबडी खाली म्हणजे 'नाही'. दुसऱ्याने आपली गच्ची किती खाली आहे याची फिकीर करण्याचे कारणच उरले नाही. कोणती पताका वर आहे, एवढेच पाहायचे.

१९८३ साली आलेले 'आर.एस. ४८५' हे मानक असेच काम करते. संदेशासाठी अ आणि ब अशा दोन तारा असतात. एकीचा दाब वर जातो तेव्हा दुसरीचा खाली. घेणारे यंत्र फक्त अ वजा ब पाहते. वाटेत दोन्ही तारांवर सारखाच गोंगाट ग चढला, तर (अ + ग) − (ब + ग) = अ − ब. गोंगाट वजाबाकीत उडून गेला! त्यामुळे पाठवणाऱ्याने दीड व्होल्टचा फरक दिला तरी पुरतो, आणि घेणारा ०.२ व्होल्टचा फरकही ओळखतो. १५ मीटरची मर्यादा १२०० मीटरपर्यंत गेली. एकाच तारजोडीवर ३२ यंत्रे बसू लागली.

मात्र गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढला पाहिजे. त्यासाठी पीळ. दोन तारा समांतर असल्या, की त्यांच्यामधल्या जागेतून बदलते चुंबकीय क्षेत्र जाते आणि फॅरेडेच्या नियमाने तारांत दाब निर्माण होतो. तारा पिळल्या, की लहान लहान फासे तयार होतात. एका फाशात दाब एका दिशेने, तर पुढच्या फाशात उलट दिशेने. दोन्ही एकमेकांना खोडतात.

विजा चमकत असताना याचे महत्त्व फार. समजा, १०० मीटर दूर वीज पडली आणि तिचा प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअरने वाढला. तिथे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला २० टेस्ला या वेगाने बदलेल. तारांनी १० चौरस मीटरचे वेटोळे केले असेल, तर त्यात २०० व्होल्ट निर्माण होतील. वीज तारेवर न पडताही यंत्र जळते ते असे.

तिसरी तार आणि प्रतिध्वनी

आर.एस. ४८५ ला 'दोन तारांचे' म्हणतात. त्यातून एक चूक सर्रास होते. घेणाऱ्या यंत्राला वजाबाकी येते, पण त्याच्या शून्यापासून −७ ते +१२ व्होल्टच्या आतच. दुसरी गच्ची फारच खाली असेल, तर दोन्ही पताका नजरेच्या टप्प्याबाहेर जातात. म्हणून दोन यंत्रांची शून्ये फार दूर जाऊ नयेत यासाठी तिसरी, संदर्भाची तार टाकावीच.

कवच साधारणपणे एकाच टोकाला अर्थ करतात. दोन्ही टोकांना जोडले, तर ५० हर्ट्झच्या प्रवाहाला कवचातूनच नवे वेटोळे मिळते. मोटारींचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे जवळ असतील, तर त्यांच्या उच्च कंप्रतेच्या गोंगाटासाठी दोन्ही टोके जोडणे फायद्याचे ठरते. पण त्याआधी दोन्हीकडच्या अर्थ जाड पट्टीने एक केलेल्या असाव्या लागतात.

आता प्रतिध्वनी. भिंतीला बांधलेल्या दोरीला झटका दिला, तर लाट भिंतीवर आपटून परत येते. तारेतही तसेच होते. संदेश तारेत मायक्रोसेकंदाला सुमारे २०० मीटर जातो. १२०० मीटर जाऊन परत येण्यास १२ मायक्रोसेकंद. सेकंदाला ९६०० अंकांच्या वेगात एक अंक १०४ मायक्रोसेकंद टिकतो, त्यामुळे प्रतिध्वनी अंक वाचण्याआधीच विरतो. पण वेग एक लाखावर नेला, तर अंक फक्त १० मायक्रोसेकंदांचा, आणि आधीच्या अंकाचा प्रतिध्वनी पुढच्या अंकावर आदळतो. उपाय सोपा आहे. तारेच्या दोन्ही टोकांना अ आणि ब यांच्यामध्ये १२० ओहमचा एकेक रोध लावतात. लाटेला तार पुढे चालूच आहे असे 'वाटते' आणि ती परतत नाही. मधल्या यंत्रांना असा रोध लावायचा नाही. यंत्रेही माळेतल्या मण्यांसारखी एका रेषेत जोडावीत, चांदणीसारखे फाटे फोडू नयेत.

उजेडाचा पूल

कारखान्यात आम्ही शेवटी काय केले? सगळ्यात पहिला उपाय बिनखर्ची होता. वेल्डिंगच्या परतीचा चिमटा खांबावरून काढून कामाच्या तुकड्यालाच लावायचा, असा नियम केला. मल्टिमीटरचा काटा ६ व्होल्टवरून एक व्होल्टच्या खाली आला. मग आर.एस. ४८५ चे रूपांतरक, पिळाची कवचयुक्त केबल, तिसरी तार आणि टोकांचे रोध बसवले. केबल विजेच्या केबलपासून निदान फूटभर दूर नेली, आणि जिथे ओलांडणे भाग होते तिथे काटकोनात ओलांडली.

कचेरीच्या टोकाला मात्र आणखी एक गोष्ट केली. तिथे रूपांतरक प्रकाशाने विलग केलेला घेतला. त्यात एक छोटा प्रकाशउत्सर्जक डायोड असतो आणि समोर प्रकाशाने चालणारा ट्रान्झिस्टर. संदेश उजेड-अंधाराच्या रूपाने पलीकडे जातो, तांब्याची एकही तार पलीकडे जात नाही. वेटोळे तुटले, आणि संगणकाची सुरक्षेची अर्थ जागच्या जागी राहिली. दुसऱ्या दिवशी मला जे चुकीच्या जागी तोडायचे होते, ते असे योग्य जागी तोडता येते. यात एक पथ्य आहे. पुलाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा, परस्परांपासून विलग वीजपुरवठा द्यावा लागतो. एकाच पुरवठ्याने दोन्ही बाजू चालवल्या, तर त्याच्या ऋण तारेतून वेटोळे पुन्हा जुळते आणि उजेडाचा पूल नुसता शोभेचा उरतो.

याउपर एक पडताळा ठेवला. आकड्याबरोबर त्यातील अंकांची बेरीजही पाठवायची. १२४५० ची बेरीज १२. कचेरीत १२०५० पोचले, तर बेरीज ८ येते. जुळत नाही, म्हणून संगणक आकडा पुन्हा मागवतो. प्रत्यक्ष उद्योगात याहून कडक पडताळे असतात, पण तत्त्व हेच. तार कितीही चांगली असली, तरी चूक होणारच नाही असे धरून चालू नये.

वर्गात करून पाहा

१. *तार शून्य नसते* : ६ व्होल्टची बॅटरी, ६ व्होल्ट-०.५ अँपिअरचा दिवा आणि अर्धा मिलिमीटर व्यासाची १० मीटर तांब्याची तार घ्या. तारेतून दिवा पेटवा आणि तारेच्या दोन टोकांमधला दाब मोजा. सुमारे ०.४ व्होल्ट मिळेल. आधी विद्यार्थ्यांना अंदाज करायला सांगा. बहुतेक जण 'शून्य' म्हणतील.

२. *पीळ* : विलेपित तारेचे हातभर रुंद, दहा वेढ्यांचे वेटोळे करा. त्याची टोके शाळेच्या अँप्लिफायरच्या मायक्रोफोन-जागेत जोडा, आवाज कमी ठेवा. वेटोळ्याच्या मध्याजवळ चालू बॅटरी एलिमिनेटर आणा (आत रोहित्र असलेला जुना, वजनदार). घुमणारा आवाज येईल. आता वेटोळ्याला मधोमध अर्धा पीळ देऊन इंग्रजी आठसारखे करा. आवाज पूर्ण थांबणार नाही, पण स्पष्टपणे मंदावेल.

३. *वजाबाकी* : दोन विद्यार्थी दोन संख्या निवडतील, तिसरा दोन्हींत एकच गुप्त संख्या मिळवील. चौथ्याने फक्त फरक सांगायचा. गुप्त संख्या कितीही मोठी असली, तरी उत्तर बदलत नाही.

शाळेत संगणकाचा आवाज मोठ्या अँप्लिफायरला जोडताना घूं असा आवाज येतो, तेही अर्थचे वेटोळेच असते. अशा वेळी कुणीतरी तिसरी पिन काढण्याचा सल्ला देईल. मीही तेच केले होते, हे त्याला सांगा. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला, तर वेटोळे तिथेच आहे. मग विलग करणारे छोटे रोहित्र दोघांमध्ये घाला.

आर.एस. २३२ ची जोडणी आता नव्या संगणकांवर सहसा दिसत नाही. आर.एस. ४८५ मात्र वीजमीटर, सौर इन्व्हर्टर, पंपांची नियंत्रणे यांत सर्वत्र आहे. तुमच्या शाळेच्या छतावर सौर पॅनेल असतील, तर इन्व्हर्टरखाली ती पिळाची तार कदाचित दिसेलही. तिचे कवच कुठे जोडले आहे, ते विद्यार्थ्यांना लांबूनच पाहायला सांगा.

काटाघरातला तो कारकून जानेवारीत पुन्हा काट्यावर रुजू झाला. चौकशीच्या कागदांना माझी वेळांची वही जोडली होती. जास्त आणि कमी, दोन्ही प्रकारच्या चुका तीत होत्या, आणि त्या वेल्डिंगच्या वेळांशी जुळत होत्या. खाती पावत्यांवरून दुरुस्त झाली. ज्यांनी पावती जपली होती, त्यांची.